विश्लेषण : राणीबागेला पैसा कुठून आला? नाना शंकरशेट, खान्देशचा कापूस आणि जुने पिंजरे

जळगाव-धुळ्याकडच्या लोकांना वाघ पाहायचा असेल, तर अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट ओलांडून छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान गाठायचे, अशी सवय होती. जागा अपुरी असल्याचे कारण देत केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2018 मध्ये या संग्रहालयाची मान्यता काढली. महापालिकेने मिटमिटा येथे नव्या संग्रहालयाचे काम हाती घेतले आणि त्याला स्मार्ट सिटीच्या निधीची जोड दिली. पण अशा कामांना पैसा मिळणे एवढे अवघड का? त्यासाठी नाना शंकरशेट यांच्या काळात जावे लागेल.

नाना कोण होते?

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी मुरबाडचा. वडिलांच्या व्यापारातून मोठी संपत्ती हाती आली आणि नानांनी त्यातला बराच भाग शाळा, ग्रंथालये आणि सार्वजनिक संस्थांवर खर्च केला. बहुतेकांना ते रेल्वेमुळे माहीत असतात. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या ‘जीआयपी’ रेल्वेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. हीच लाइन पुढे 1860 च्या दशकात खान्देशात आली. भुसावळचे जंक्शन तिचेच.

नाना पश्चिम भारताच्या कृषी-बागायत सोसायटीचे अध्यक्षही होते. भायखळ्याची बाग या सोसायटीची. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्यासोबत नानांनी तिथल्या वस्तुसंग्रहालयासाठी लोकवर्गणी उभी केली. 1862 मध्ये बाग खुली झाली.

खान्देशचा संबंध काय?

नेमके तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, म्हणून गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खान्देशातल्या कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. वर्गणीच्या यादीवर मोठमोठे आकडे पडले ते याच काळात. धुळे तेव्हा अखंड खान्देशचे मुख्यालय होते. म्हणजे राणीबागेच्या पायात थोडा आपलाही कापूस आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. जुलैच्या सुरुवातीला मुंबईचा शेअर बाजार झोपला. 31 जुलैला नाना गेले. वर्गणी आटली. वस्तुसंग्रहालयाची इमारत सरकारच्या मदतीने पुरी होऊन 1872 मध्ये उघडली. पुढच्याच वर्षी बाग मुंबई महापालिकेच्या ताब्यात गेली. प्राणिसंग्रहालयासाठी 15 एकर जागा जोडली गेली ती 1890 मध्ये. आज आपण ज्याला राणीचा बाग म्हणतो, तिथले पिंजरे नानांनी पाहिलेच नाहीत.

आता खर्च कोण करते?

मुख्यतः महापालिका. वाघाच्या जोडीला किमान 1000 चौरस मीटरचे मोकळे आवार हवे, असा आजचा नियम आहे. जुन्या लोखंडी पिंजऱ्यात ते बसत नाही, म्हणून डागडुजी पुरत नाही. सगळेच नव्याने बांधावे लागते. आधी आराखडा प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यायचा, मग प्राणी हलवायचे, नंतर पाडकाम. राणीबागेत तर झाडे आणि वारसा वाचवण्यासाठी नागरिक उभे राहिले आणि आराखडा बदलावा लागला. यात वर्षे जातात. माझ्या मते ती वाया गेली नाहीत. नानांच्या काळातली बाग त्यामुळेच टिकली.

2016 मध्ये पेंग्विन आले. 2017 मध्ये प्रौढांचे तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला मात्र 100 रुपयांत प्रवेश ठेवला. बांधकामाचा भार अजूनही पालिकेच्या अर्थसंकल्पावरच आहे. मुंबईची तिजोरी तो पेलते. लहान शहरांच्या महापालिकांना मात्र स्मार्ट सिटीसारख्या एखाद्या योजनेची वाट पाहावी लागते, आणि अशा योजनेला मुदत असते.