खाणमालक भाऊसाहेब

पेडणे तालुक्यात मोपा येथे २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्या परिसरात नव्या उद्योजकांची वर्दळ वाढली. त्यांनी आवर्जून जाणून घ्यावे असे चरित्र त्याच तालुक्यातले आहे. कै. दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून गोव्याच्या लोहखनिजाला मागणी आली. डिचोलीसारख्या तालुक्यांतील डोंगर खणले जाऊ लागले, खनिजाने भरलेल्या बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघाल्या. या धंद्यात ज्यांचा उत्कर्ष झाला त्यांत भाऊसाहेब होते. मिळालेले धन त्यांनी तिजोरीत कोंडून ठेवले नाही. पोर्तुगीज अमदानीत खेड्यापाड्यांतील मराठी शाळा लोकवर्गणीवर आणि दात्यांच्या औदार्यावर कशाबशा चालत. अशा संस्थांना सढळ हाताने देणारा गृहस्थ ही त्यांची ख्याती राजकारणात येण्यापूर्वीचीच. निवडणुकीसाठी केलेले दान आणि हे दान यांत अंतर आहे, आणि सामान्य माणसाला ते बरोबर कळते.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने बहुमत मिळविले आणि भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले. जे पूर्वी पदरमोड करून चालले होते ते आता शासनाचे कर्तव्य ठरले. गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. महाराष्ट्रात विलीन होण्याचा त्यांचा आग्रह जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी नाकारला. त्याच लोकांनी त्याच वर्षी त्यांना पुन्हा सत्तेवर बसविले! १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. पुढे कन्या शशिकला काकोडकर यांनी ती धुरा १९७९ पर्यंत सांभाळली.

गौरवाच्या भरात एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. ज्या धंद्याने शाळांना हात दिला, त्याच धंद्याच्या गाळाने डिचोलीतील कित्येक शेते आणि ओहोळ बुजले. गोव्यातील खाणी २०१२ साली बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. भाऊसाहेबांच्या पिढीने शाळेचा खर्च आपल्या खात्यावर लिहिला. शेताचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला गेला नव्हता.