पाथरीचे ज्ञानराज

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव गोदावरीपासून फारसे दूर नाही. पूर्वी या गावास पार्थपूर असे म्हणत. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी तेथे ज्ञानराज नावाचे थोर ज्योतिर्विद होऊन गेले. त्यांच्या पित्याचे नाव नागनाथ. १५०३ च्या सुमारास ज्ञानराजांनी ‘सिद्धांतसुंदर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रह आकाशात कोठे असतील आणि ग्रहणे केव्हा लागतील, हे गणिताने काढण्याची रीत त्यात सांगितली आहे.

त्या काळी दुर्बीण नव्हती. ज्योतिर्विदाची सारी भिस्त आपल्या डोळ्यांवर, साध्या यंत्रांवर आणि गणितावर असे. आकाशातील वर्तुळाचे ते बारा भाग करीत. असा एक भाग म्हणजे एक राशी. एका राशीचे तीस अंश, एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला होत. कला व विकला यांनाच आज आपण मिनिटे व सेकंद म्हणतो. प्राचीन बाबिलोनमधील विद्वानही असेच साठ-साठ भाग पाडीत.

चंद्राचे स्थान काढताना प्रथम त्याच्या सरासरी गतीवरून येणारी जागा काढीत. मग तीत ठरावीक संस्कार मिळवीत किंवा वजा करीत. समजा, चंद्र ४५ अंश ५० कला ४० विकलांवर आला आणि त्यात ४ अंश ३५ कला ४५ विकला मिळवावयाच्या आहेत. विकलांची बेरीज ८५; तिच्यातील २५ ठेवून एक कला हातची घ्यावयाची. कलांची बेरीज हातच्यासह ८६. २६ ठेवून एक अंश हातचा. अंश झाले ५०. म्हणजे चंद्र १ राशी २० अंश २६ कला २५ विकलांवर आला.

हातचा एक अंश विसरला, तर ग्रहणाची वेळ सुमारे दोन तासांनी चुकते. ग्रहणस्नानासाठी नदीवर जमलेले लोक आकाशाकडे पाहत बसतील. ग्रहण मात्र आपल्या वेळेसच लागेल. म्हणून या कामात लहानशा आकड्यालाही मोठा मान होता.

ज्ञानराजांची विद्या त्यांच्या घरात पुढेही नांदली. पुत्र चिंतामणी यांनी ‘सिद्धांतसुंदर’वर टीका लिहिली. दुसरे पुत्र सूर्यपंडित यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ या ग्रंथांवर टीका लिहून कीर्ती मिळविली. गोदेच्या परिसरातील एका गावात बसून या पितापुत्रांनी आकाशाचा हिशेब विकलेपर्यंत चोख ठेवला.