धनुष्य, बाण आणि शील : ऑयगेन हेरिगेल यांची जीवनकथा



तुमच्यापैकी अनेकांच्या ऑफिसात आता माइंडफुलनेसचे वर्ग चालत असतील. जिममधला प्रशिक्षकही व्यायामाच्या शेवटी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांना तथागतांचे नाव कित्येकदा विहाराच्या आधी तिथेच ऐकू येते. आपल्या रविवारच्या वंदनेला येणारा एक तरुण शनिवारी तिरंदाजी शिकतो. त्याने मला एक लहानसे पुस्तक आणून दिले आणि विचारले की यात सांगितलेला बौद्ध धम्म आपलाच का? पुस्तकाचे नाव ‘झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी’. त्याच्या लेखकाची हकीकत आज तुम्हाला सांगतो. पुस्तक वाचणारे लाखो आहेत, लेखकाचे पुढे काय झाले हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ऑयगेन हेरिगेल यांचा जन्म १८८४ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतात लिश्टेनाऊ या गावी. हायडेलबर्ग विद्यापीठात आधी ईश्वरशास्त्र आणि मग तत्त्वज्ञान शिकले. तिथे त्यांचे गुरू होते एमिल लास्क, ज्यू घराण्यात जन्मलेले तल्लख तत्त्वज्ञ. पहिल्या महायुद्धात लास्क सैन्यात गेले आणि १९१५ मध्ये आघाडीवर मारले गेले. त्यांचे विखुरलेले लेखन गोळा करून, तीन खंडांत संपादित करून हेरिगेल यांनी १९२३-२४ मध्ये प्रकाशित केले. गुरूचे ऋण याहून चांगले कोणी फेडू शकले नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

तरुणपणापासून हेरिगेल यांना गूढ अनुभवाची ओढ होती. मध्ययुगीन ख्रिस्ती संतांचे लेखन त्यांनी पुष्कळ वाचले, पण वाचून ते दार उघडेना. १९२४ मध्ये जपानमधल्या सेंडाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञान शिकवायला बोलावले, तेव्हा त्यांनी ही संधी तत्काळ घेतली. झेन शिकायचे होते. एखाद्या कलेच्या वाटेने गेलात तर परक्या माणसाला ते सोपे जाईल, असे तिथल्या लोकांनी सुचवले. बंदूक आणि पिस्तूल चालवायची थोडी सवय होती, म्हणून त्यांनी धनुर्विद्या निवडली. आपली नेमबाजी इथे कामी येईल हा त्यांचा अंदाज साफ चुकला. त्यांच्या पत्नीने फुलांच्या मांडणीचा आणि शाईच्या चित्रकलेचा अभ्यास धरला.

कायद्याचे प्राध्यापक कोमाचिया सोझो यांच्या ओळखीने ते आवा केन्झो या आचार्यांकडे गेले. जपानी धनुष्य दोन मीटरहून उंच असते. आवांनी पहिल्याने लक्ष्य दाखवलेच नाही. दोन पावलांवर ठेवलेल्या, घट्ट बांधलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण सोडत राहायचे, एवढाच अभ्यास. धनुष्य ओढायचे पण दंडाचे स्नायू सैल ठेवायचे. श्वास संथ. बाण आपण सोडायचा नाही, तो सुटला पाहिजे, पिकले फळ देठापासून गळावे तसा.

हेरिगेल यांच्या हातून ते महिनोन्‌महिने होईना. तेव्हा सुट्टीत समुद्रकाठी बसून त्यांनी एक युक्ती शोधली. अंगठ्यावरची बोटे हळूहळू सैल करत न्यायची, म्हणजे बाण आपोआप सुटल्यासारखा दिसतो. परत येऊन त्यांनी तसा बाण सोडून दाखवला. आवांनी धनुष्य त्यांच्या हातून काढून घेतले आणि पाठ फिरवून बसले. शिकवणे बंद. कोमाचियांनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे पुन्हा प्रवेश मिळाला. मला पुस्तकातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. आपली लबाडी माणूस स्वतः लिहून ठेवतो, हे काही सोपे नाही.

सर्वांत गाजलेला प्रसंग रात्रीचा आहे. नेम न धरता बाण लागतोच कसा, या शंकेवर आवांनी त्यांना रात्री बोलावले. लक्ष्यासमोर एक बारीक उदबत्ती लावली, बाकी मिट्ट काळोख. आवांनी दोन बाण सोडले. दिवा लावून पाहिले तर पहिला बाण मध्यभागी, आणि दुसऱ्याने पहिल्याची मागची बाजू चिरलेली. त्यानंतर हेरिगेल यांची शंका संपली.

इथे थोडे थांबा. यामादा शोजी या जपानी संशोधकाने २००१ मध्ये या साऱ्याची छाननी केली. आवा झेन भिक्खू नव्हते, कोणा झेन आचार्यांकडे त्यांनी साधना केल्याचेही आढळत नाही. त्यांचा पंथ त्यांचा स्वतःचा होता, आणि तो अनेक जपानी तिरंदाजांना मान्य नव्हता. हेरिगेल यांना जपानी भाषा फारशी येत नव्हती. कोमाचिया दुभाषे होते, आणि आवांचे अवघड बोलणे आपण पुष्कळदा आपल्या मनाने जुळवून सांगत होतो असे त्यांनीच पुढे कबूल केले. दुसऱ्या बाणाने पहिला चिरला हा निव्वळ योगायोग होता, असे आवांनी आपल्या एका शिष्याला नंतर सांगितल्याची नोंदही सापडते. म्हणजे चमत्कार पाहायला उत्सुक असलेल्या डोळ्यांना चमत्कार दिसला. कालाम सुत्त वाचणाऱ्या तुम्हाला याचे नवल वाटू नये.

१९२९ मध्ये हेरिगेल मायदेशी परतले आणि एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कायदा करून ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली. लास्क जिवंत असते तर तेही त्यात गेले असते. त्यांच्या या शिष्याने १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले. १९३८ मध्ये ते उपकुलगुरू झाले आणि १९४४ मध्ये, त्या राजवटीच्या अखेरच्या काळात, कुलगुरू. त्याच वर्षी विद्यापीठाकडून आघाडीवरच्या सैनिकांना जाणाऱ्या पत्रमालेसाठी त्यांनी सामुराईंच्या नीतीवर लिहिले. पेंढ्याच्या भाऱ्यासमोर अहंकार गळून पडावा म्हणून झटलेला माणूस हे सारे करू शकला.

युद्धानंतर चौकशी झाली. आपण विद्यापीठ सांभाळण्यासाठी पदावर राहिलो असा त्यांचा बचाव होता. चौकशीने त्यांना मुख्य गुन्हेगारांत धरले नाही, प्रवाहासोबत वाहत गेलेल्यांच्या वर्गात टाकले. ठीक आहे, न्यायालयाच्या हिशेबात तेवढेच. पण वाहत जाणारा सामान्य कारकून आणि चित्त स्थिर केल्याचा दावा करणारा आचार्य, या दोघांना मी तरी एका मापाने मोजणार नाही.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधला पहिल्या प्रवचनाचा भाग घरी असेल तर काढून पाहा. समाधी आणि सम्यक समाधी यांत त्यांनी स्पष्ट फरक केला आहे. नुसती समाधी म्हणजे एकाग्रता, आणि ती तात्पुरती असते. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माकडे वळवते आणि तिथेच टिकून राहायला शिकवते. त्याच ग्रंथात पुढे प्रज्ञा पुरेशी नाही, तिला शील हवे, मग करुणा हवी, आणि करुणेच्याही पुढे मैत्री, असा क्रम येतो. हेरिगेल यांच्या पुस्तकात एकाग्रतेचे वर्णन अप्रतिम आहे. शेजारच्या माणसाबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. त्या तरुणाला मी हेच दाखवले.

हे पुस्तक जर्मन भाषेत १९४८ मध्ये निघाले. १९५३ च्या इंग्रजी आवृत्तीला डी. टी. सुझुकी यांची प्रस्तावना होती. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना ते चित्रकार ब्राक यांनी भेट दिले होते. टेनिसच्या मानसिक तयारीवर टिमोथी गॅलवे यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात त्याचा आधार आहे, आणि त्याच वर्षी आलेल्या रॉबर्ट पर्सिग यांच्या मोटारसायकलवरच्या कादंबरीने तर नावच त्याच्यावरून घेतले. आज खेळाडू जिला तंद्री लागणे म्हणतात, तिच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी ते कधीतरी वाचलेले असते. सरावाबद्दल त्यात जे आहे ते खोटे नाही. धनुष्य, बॅट किंवा रॅकेट हाती धरणारा कुणीही ते ओळखेल.

हेरिगेल शेवटी आल्प्सच्या पायथ्याशी गारमिश-पार्टेनकिर्शेन इथे राहायला गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपली बरीच हस्तलिखिते जाळून टाकली. १८ एप्रिल १९५५ रोजी ते वारले. दीड वर्षानंतर नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना पंचशील दिले. १९६१ मध्ये ज्यू विद्वान गेर्शोम शोलेम यांनी एका इंग्रजी नियतकालिकाला पत्र लिहून हेरिगेल यांचा नाझी भूतकाळ वाचकांपुढे आणला, तोपर्यंत पुस्तकाच्या चाहत्यांत त्याची वाच्यता नव्हती.

पुस्तक मी त्या तरुणाला परत केले आहे. तो ते दुसऱ्यांदा वाचतो आहे. शनिवारचा त्याचा वर्ग चालू आहे, आणि रविवारी तो वंदनेला येतो.