टायको ब्राहे आणि नवा तारा

टायको ब्राहे यांचा जन्म १५४६ साली डेन्मार्कमधील एका सरदार घराण्यात झाला. तेरा वर्षांचे असताना त्यांनी सूर्यग्रहण पाहिले. ग्रहण कधी होणार हे आधीच सांगता येते, याचे त्यांना फार नवल वाटले. त्यांनी कायदा शिकावा, अशी काकांची इच्छा होती. पण रात्री शिक्षक झोपले, की टायको गुपचूप तारे पाहत.

११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी त्यांना शर्मिष्ठा तारकासमूहात एक तेजस्वी तारा दिसला. तेथे पूर्वी असा तारा नव्हता. आपल्याला भास तर होत नाही ना, अशी शंका त्यांना आली. त्यांनी सोबतच्या नोकरांना विचारले. त्यांनाही तारा दिसला. काही दिवस तो भर दुपारीही दिसत असे.

चंद्रापलीकडचे आकाश कधी बदलत नाही, असे त्या काळचे विद्वान मानत. हे खरे की खोटे, ते टायको यांनी मोजून पाहायचे ठरवले.

डोळ्यांसमोर बोट धरा आणि एकेक डोळा मिटा. बोट सरकल्यासारखे दिसते, दूरचे झाड सरकत नाही. नवा तारा चंद्राइतका जवळ असता, तर तोही शेजारच्या ताऱ्यांमध्ये सरकलेला दिसला असता. तेव्हा दुर्बीण नव्हती. टायको यांनी कोन मोजण्याच्या यंत्राने पुन्हा पुन्हा मोजले. तारा जागचा हलला नाही. म्हणजे तो चंद्राच्या खूप पलीकडे होता आणि आकाशही बदलत होते!

सरदाराने पुस्तक लिहिणे तेव्हा कमीपणाचे मानत. तरीही १५७३ साली त्यांनी या ताऱ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १५७४ साली तारा दिसेनासा झाला. पुढे डेन्मार्कच्या राजाने त्यांना वेधशाळेसाठी एक बेट दिले. तेथे त्यांनी वीस वर्षे आकाशाच्या नोंदी केल्या. १६०१ साली प्राग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नोंदींवरूनच केप्लर यांनी ग्रहांच्या गतीचे नियम शोधले.

मग तो तारा कोणता होता? काही ताऱ्यांचे इंधन संपले, की त्यांचा लहान, जड गोळा उरतो. त्याला श्वेतबटू म्हणतात. जवळच्या जोडीदार ताऱ्याचा वायू त्यावर साचतो आणि कधी त्याचा भडका उडतो. तेव्हा तो तारा काही काळ तेजस्वी दिसतो. त्याला आज नवतारा म्हणतात. टायको यांनी पाहिलेला स्फोट याहून फार मोठा होता. त्यात श्वेतबटू पूर्ण नष्ट झाला. धुळीच्या ढगांवरून परतलेला त्याच स्फोटाचा प्रकाश तपासून शास्त्रज्ञांनी २००८ साली याची खात्री केली.

म्हणजे तो तारा नवा नव्हता. तो एका जुन्या ताऱ्याचा शेवट होता. पण टायको यांचे मोजमाप बरोबर होते.