सुलतानाची नाराजी पत्करणारे खुलदाबादचे जैनुद्दीन शिराझी

आपण कामावरून रजा घेतो, एखाद्या गोष्टीला राजी होतो, कुणी मनाविरुद्ध वागले की नाराज होतो आणि नोकरी सोडताना राजीनामा देतो. हे चारही शब्द एकाच अरबी धातूतून निघून फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. संमती, समाधान, प्रसन्नता हा त्यामागचा मूळ अर्थ. इस्लामच्या धर्मविचारात या शब्दाला फार मोठे स्थान आहे. अल्लाहला राजी करणे हे माणसाच्या जगण्याचे ध्येय आणि त्याची नाराजी ओढवणे हे सर्वांत मोठे संकट, असे तिथे मानले जाते.

कुरआनच्या 'तौबा' या अध्यायात स्वर्गातील बागा आणि घरे यांचा उल्लेख आल्यावर ईश्वराची प्रसन्नता त्या सगळ्यांपेक्षा मोठी असल्याचे म्हटले आहे. 'बय्यिना' या अध्यायाच्या शेवटी ही प्रसन्नता दुतर्फी होते आणि ती ईश्वराचे भय बाळगणाऱ्याच्या वाट्याला येते, असे सांगितले आहे. म्हणजे प्रसन्नता आणि भय या दोन गोष्टी तिथे एकत्रच येतात. पण ज्याच्या हाती तलवार आहे असा राजा समोर उभा राहिला, तर भ्यायचे कुणाला? आपल्या मराठवाड्यात सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी एका माणसापुढे हा प्रश्न आला होता.

शिराझहून दौलताबादला

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. त्याआधी त्याचा बहुतेक भाग तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्याच जुन्या जिल्ह्यातले, जालना शहरापासून शंभर किलोमीटरच्या आतले गाव म्हणजे खुलदाबाद. भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते ओळखीचे आहे. या गावाचे जुने नाव रौजा. शेख जैनुद्दीन दाऊद शिराझी यांची कबर इथेच आहे.

जैनुद्दीन यांचा जन्म चौदाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इराणमधील शिराझचा. मक्केची यात्रा करून ते दिल्लीला आले आणि मौलाना कमालुद्दीन सामाना यांच्याकडे शिकले. 1327 च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील विद्वान, सुफी व सरदार मंडळींना तिकडे जायला लावले. जैनुद्दीनही आपल्या गुरूंसोबत दौलताबादला आले.

ते मुळात धर्मशास्त्राचे अभ्यासक होते. सुफींच्या संगीत मैफली त्यांना पटत नसत. दौलताबादेत चिश्ती परंपरेतील शेख बुरहानुद्दीन गरीब यांच्या भोवती शिष्यांचा मोठा मेळा जमत असे. जैनुद्दीन यांना त्यांच्या मार्गाविषयी शंका होत्या. त्या फिटल्यावर ते त्यांचेच शिष्य झाले आणि पुढे उत्तराधिकारीही.

1347 मध्ये तुघलकांची सत्ता दख्खनमधून उखडली गेली आणि बहमनी राज्य उभे राहिले. त्या धामधुमीच्या आसपास जैनुद्दीन यांना उत्तरेत जावे लागले. 1351 मध्ये महंमद बिन तुघलक वारला. त्यानंतर दिल्लीत न थांबता ते दौलताबादला, आपल्या गुरूंच्या कबरीपाशी परतले.

सुलतानाशी वाद

पुढची हकीकत इतिहासकार फरिश्ता याने नोंदवली आहे. त्याने हा ग्रंथ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिला, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

1358 मध्ये महंमदशहा पहिला बहमनी गादीवर आला. राज्यातील धर्मपुरुषांनी आपल्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. बाकीच्यांनी ती पुरी केली, जैनुद्दीन यांनी केली नाही. सुलतान उघडपणे मद्य पितो, धर्माने मना केलेल्या गोष्टी करतो. अशा माणसाला आपण मान्यता द्यायची नाही, अशी त्यांची भूमिका होती.

1366 च्या सुमारास दौलताबादचा सरदार बहराम खान माजंदरानी याने बंड केले. पैठणच्या बाजूला बंडखोरांचा पराभव झाला. दौलताबादेत अडकलेले हे लोक रात्री जैनुद्दीन यांच्याकडे सल्ला विचारायला गेले. किल्ल्यात राहिलात तर वाचणार नाही, बायकामुलांना घेऊन गुजरातकडे निघून जा, असे शेखांनी सांगितले आणि ते निसटले. सुलतानाचा संताप अनावर झाला. जैनुद्दीन यांनी दरबारात हजर व्हावे आणि निष्ठा जाहीर करावी, असा हुकूम सुटला.

त्यावर शेखांनी एका गोष्टीच्या रूपाने निरोप धाडला. एक विद्वान, एक सय्यद आणि एक तृतीयपंथी असे तिघे परधर्मीयांच्या कैदेत सापडले. मूर्तीपुढे वाका, नाहीतर मरा, असे त्यांना फर्मावण्यात आले. जीव वाचवण्यासाठी धर्मात सवलत आहे, असे म्हणून विद्वान वाकला. त्याच्यामागून सय्यदही वाकला. तृतीयपंथी मात्र वाकला नाही. आपले सारे आयुष्य चुकीच्या वाटेने गेले, आपल्यापाशी ना विद्या ना कुळी, ईश्वरासमोर उभे राहायचे तर ही एक श्रद्धाच जवळ आहे, तीही कशी सोडू, असा त्याचा विचार. त्याने मरण पत्करले. आपली गत त्या तिसऱ्यासारखी आहे, असे शेखांनी सुलतानाला कळवले.

हा निरोप नुसता ताठरपणाचा नव्हता. विद्या आणि प्रतिष्ठा माणसाला पळवाटा शोधून देतात, हे स्वतः मोठे विद्वान असलेले जैनुद्दीन ओळखून होते.

सुलतानाने त्यांना शहर सोडायला सांगितले. जैनुद्दीन उठले, आपले नमाजाचे आसन घेऊन बुरहानुद्दीन यांच्या कबरीपाशी गेले, तिथे काठी रोवली आणि आसन अंथरून बसले. इथून आता कोण हलवतो ते पाहू, इतकेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना जबरीने उठवण्याचे धाडस सुलतानाला झाले नाही. त्याने नमते घेऊन समेटाचा निरोप पाठवला.

शेखांनी लगेच हात पुढे केला, पण अटी ठेवूनच. राज्यातील दारूची दुकाने बंद करावीत, सुलतानाने उघड मद्यपान सोडावे आणि काजींनी लोकांना वाईट गोष्टींपासून रोखावे. हे झाले तर जैनुद्दीन यांच्याइतका जवळचा मित्र सुलतानाला दुसरा मिळणार नव्हता. फरिश्ता सांगतो की सुलतान गुलबर्ग्याला परतला, त्याने दारूचे गुत्ते बंद केले आणि रस्त्यांवर लुटालूट करणाऱ्यांचाही कठोर बंदोबस्त केला.

भीतीतून आलेला निर्भयपणा

ईश्वराच्या नाराजीचे भय म्हणजे सतत धास्तावलेले मन, असा समज होऊ शकतो. जैनुद्दीन यांच्या आयुष्यात उलट दिसते. एका जागी भय ठेवल्यामुळे बाकीच्या जागी ते उरले नाही. सुलतानाची नाराजी त्यांना सोसता आली, कारण तिच्याहून मोठी नाराजी त्यांना टाळायची होती. सुलतानाने वर्तन बदलण्याची तयारी दाखवल्यावर त्यांनी अढीही धरली नाही.

जैनुद्दीन 1369 मध्ये वारले. त्यांनी आपल्यामागे उत्तराधिकारी नेमला नाही. चिश्ती परंपरेतील बाविसावे म्हणून ते 'बाईस ख्वाजा' या नावाने ओळखले जातात. खानदेशच्या फारुकी राजांनी तापीच्या एका काठावर बुरहानुद्दीन यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले, तर समोरच्या काठावर जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद.

1707 मध्ये अहमदनगरला औरंगजेबाचा मृत्यू झाला. त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, वर छत नसलेल्या साध्या कबरीत पुरले. राजाच्या दरबारात जायला ज्यांनी नकार दिला, त्यांच्या दारी एका बादशहाने शेवटची जागा मागितली. आज खुलदाबादला जाणारे बरेच जण ती कबर पाहून परततात. त्याच आवारात जैनुद्दीन यांचीही कबर आहे.