तारवाला डॉक्टर

‘तार आली’ एवढं नुसतं ऐकलं, तरी आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांच्या पोटात गोळा यायचा. मावळातल्या आमच्या परंदवडीसारख्या गावात तर तारेचा कागद उघडण्याआधीच रडारड सुरू व्हायची. मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत. मास्तर येऊन वाचून दाखवेपर्यंत घरातली चूल थंड. कधीकधी आत नोकरीची नाहीतर बाळंतपणाची गोड बातमी निघायची आणि रडणाऱ्या बायका डोळे पुसत हसायला लागायच्या! ही तार आपल्या देशात आणली कुणी, हे शोधायला गेले आणि मला चक्क एक डॉक्टर भेटले.

विल्यम ओशॉनेसी त्यांचं नाव. जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. एडिंबरोत ते डॉक्टर झाले. १८३१ मध्ये इंग्लंडात कॉलऱ्याची साथ आली. त्या काळी कॉलऱ्याच्या रोग्याचंसुद्धा रक्त काढत असत. बावीस वर्षांच्या या पोराने मात्र रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी आणि क्षार कमी झालेत, ते परत भरून काढा, असं सांगितलं. थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरांनी १८३२ मध्ये हा उपाय करून पाहिला, शिरेतून खारं पाणी दिलं आणि काही रोगी वाचलेही. पण पुढे साथ ओसरली आणि उपायही विसरला गेला.

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून कलकत्त्याला आले. तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता विजेचा नाद लागला. १८३९ मध्ये त्यांनी बांबूंवर मैलोगणती तार ताणली. टोकाला बसलेला माणूस बोटांना बसणाऱ्या विजेच्या झटक्यावरून निरोप ओळखायचा! तिकडे अमेरिकेत सॅम्युएल मोर्स यांची प्रसिद्ध तार सुरू झाली १८४४ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. पण कंपनी सरकारने डॉक्टरांच्या प्रयोगाकडे लक्षच दिलं नाही. दहा-अकरा वर्षं तशीच गेली.

मग लॉर्ड डलहौसींना तारेचं महत्त्व पटलं. कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन टाकली गेली आणि १८५१ मध्ये ती सुरू झाली. विलायतेतली नाजूक तार इथे कशी टिकणार? वादळ, पाऊस, त्यात माकडं लोंबकळणार! म्हणून डॉक्टरांनी जाडजूड लोखंडी तार वापरली. शिवचंद्र नंदी या बंगाली सहकाऱ्याला शिकवून तयार केलं आणि त्याच्यावर लाइनीची जबाबदारी सोपवली. १८५३ च्या अखेरीस मोठं काम सुरू झालं आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास आणि पेशावर सुमारे ४००० मैलांच्या तारेने जोडले गेले. कुठे दिवसेंदिवस धावणारा डाकेचा हरकारा आणि कुठे ही तार! १८५६ मध्ये डॉक्टर ‘सर’ झाले.

आता देश जवळ येणार, माणसं जवळ येणार, असं वाटलं असेल. पण पहिला फायदा झाला तो सरकारला आणि व्यापाऱ्यांना. सोळा शब्दांना, ४०० मैलांसाठी एक रुपया हा दर होता. तेव्हाचा रुपया! मजुरी करणारी बाई तार करणार कुठून? आणि १८५७ मध्ये दिल्लीत उठाव झाल्याची बातमी तारेनेच पंजाबात पोचली आणि इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. विजेला कुणाची बाजू नसते, पण तार ज्याच्या हातात असते त्याची बाजू असतेच, नाही का?

ओशॉनेसी पुढे इंग्लंडला परतले, १८६१ मध्ये त्यांनी ब्रूक हे आडनाव घेतलं आणि १८८९ मध्ये ते वारले. त्यांच्या तारेने मात्र आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ काढला. जुलै २०१३ मध्ये ती बंद झाली.

मला राहूनराहून वाटतं ते त्यांच्या दुसऱ्या, विसरलेल्या देणगीबद्दल. शरीरातून गेलेलं पाणी आणि मीठ परत द्या, ही ती साधी गोष्ट. पुढच्या संशोधकांना कळलं, की सोबत साखर असेल तर आतडं हे पाणी चांगलं शोषून घेतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती. सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला लावलं, तेही रोग्यांच्या घरच्यांच्या हातून, आणि हजारो जीव वाचले.

तार दारापर्यंत आली, पण ती वाचायला दुसरं माणूस लागलं. मीठ-साखरेचं पाणी आईच्या हातात आलं, ते तिच्या भाषेत, तिच्याच चमच्याने मोजून. नव्या सोयींचे ढोल वाजतात तेव्हा मी आता एवढंच बघते, की ही सोय घरातल्या बाईला कुणाची मदत न घेता वापरता येते का?

तेवढं पाणी मात्र लक्षात ठेवा हं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. लेकराला जुलाब लागले की घोटघोट पाजत राहायचं आणि जुलाब थांबेनात, मूल मलूल दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.