मोडशी, काकडी आणि पेज

जेवण बाधून उलट्या-जुलाब सुरू झाले की त्याला मोडशी म्हणायचे. पोर्तुगीजांनी हा शब्द इथेच उचलला. मोडशीची लक्षणे बारकाईने नोंदवून त्यांनी ती युरोपात पोहोचवली, त्यामागे होते गार्सिया द ओर्ता.

सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधल्या ज्यू घराण्यात जन्मलेले ओर्ता स्पेनमध्ये वैद्यक शिकले. ज्यूंना तोवर सक्तीने ख्रिस्ती केले होते, तरी संशय सुटला नव्हता. १५३४ मध्ये ते गोव्यात आले. त्याच वर्षाअखेरीस वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे वसईच्या अखत्यारीतले मुंबई बेट ओर्तांना खंडाने मिळाले. अहमदनगरच्या निजामशहाशीही त्यांची मैत्री होती.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या त्यांच्या ग्रंथात मोडशीचा रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो: हाताला न लागणारी नाडी, गार घाम, खोल गेलेले डोळे, न भागणारी तहान, पायांत गोळे. आजाराचा जोर जून-जुलैत. कारण अतिखाणे किंवा वाईट खाणे. एक तरुण पाद्री तर काकड्या खाऊन दगावला.

दोष काकडीचा नव्हता, हे आज कळते. पावसाळ्यात विहिरी-बावखलांत घाण पाणी शिरते, त्याच पाण्याने धुतलेली काकडी कच्चीच पोटात जाते आणि जंतूही जातात. म्हणून ती उकळलेल्या पाण्याने धुवावी. शिजवल्याने सगळे सुटतेच असेही नाही. दुपारचा भात ओट्यावर राहिला तर त्यात जंतू वाढून विष तयार होते, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये हवा.

ओर्ता स्वतः ग्रीक परंपरेतले वैद्य, तरी इथले वैद्य रुग्णाला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हे त्यांनी टिपून ठेवले. पेजेतल्या पिष्टापासून ग्लुकोज होते आणि ते मीठ-पाणी आतड्यातून शरीरात ओढून नेते. आज घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालतात. नाडी क्षीण झाली, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर थेट दवाखाना.

१५६८ मध्ये ओर्ता वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये धर्मन्यायालयाने ओर्तांची हाडे उकरून जाळली. त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप मात्र १५६७ पासून युरोपात वाचला जात होता. पणजीतल्या एका बागेला आज त्यांचे नाव आहे.